लहान लेकरू घेऊन एका दिवसाची सहल: आधी झोप ठरवा, मग जागा

एक ते तीन वर्षांचं लेकरू घरात असलं की एका दिवसाची सहल बहुतेक घरांत एकाच जागी चुकते. आधी जागा ठरते, मग गाडी, मग कोण कोण येणार, मग डब्यात काय, आणि लेकरू रोज कधी झोपतं हा विषय कोणी काढतच नाही. सातला निघायचं ठरलेलं असतं, पुऱ्या तळता तळता साडेनऊ होतात, मधात एक चहा होतो, पोचेपर्यंत बारा वाजतात, आणि बारा म्हणजे त्या लेकराची रोजची झोपायची वेळ. मग ते रडतं, आई त्याला कडेवर घेऊन झाडाखाली बसून राहते, बाकीचे सगळं पाहून येतात आणि घरी आल्यावर "लय किरकिरं आहे बा पोट्टं" म्हणून मोकळे होतात. लेकराचं काही चुकलेलं नसतं, घड्याळ चुकलेलं असतं.

हे विदर्भातल्या खेड्यांत, लहान तालुक्यांत राहणाऱ्या घरांसाठी लिहिलं आहे, जिथं बाग नि मॉल जवळ नसतात पण वावर, तलाव, देऊळ, आठवडी बाजार हे सगळं असतं. टप्पे दिलेत त्याच क्रमानं घ्या, पुढचा आधी केला की मागचा निस्तरत बसावं लागतं.

टप्पा १: लेकराचा दिवस कागदावर लिहा

सहलीच्या तीन-चार दिवस आधीपासून लिहायचं: सकाळी कधी उठलं, दुपारी कधी झोपलं, किती वेळ झोपलं, पोटभर कधी खाल्लं, शी कधी झाली. डोक्यात ठेवू नका, लिहा, कारण आई एक वेळ सांगते आणि आजी दुसरी, आणि दोघींनाही आपलीच बरोबर वाटते.

एक-दोन वर्षांच्या लेकराला चोवीस तासांत दिवसाची धरून ११ ते १४ तास झोप लागते. दीड वर्षाच्या आसपास दिवसाच्या दोन झोपांची एक होते आणि ते काही आठवडे लेकराचं सगळंच वेळापत्रक इकडेतिकडे असतं. त्या दिवसांत लांब जाऊच नका, गावातल्या गावात काय ते करा.

लिहून झालं की त्या कागदावर जागेपणाचा सगळ्यात मोठा आणि हसरा तुकडा शोधायचा. बहुतेक लेकरांचा तो सकाळी असतो. समजा साडेसहाला उठतं आणि बारा ते दोन झोपतं, तर तुमच्या हातात सात ते साडेअकरा एवढाच वेळ आहे, त्यातला तासभर जायला, मग जागेवर अडीच-तीन तास, आणि परतीचा प्रवास झोपेवर टाकायचा म्हणजे गाडीतच डोळा लागतो. सगळा आराखडा एवढाच आहे, बाकीचं सगळं याच्या भोवती बसवायचं.

एका बाजूचा प्रवास तास, फार तर दीड तास. एका दिवसात एकच जागा. "तिकडं चाललोच आहोत तर ते पण करून घेऊ" ह्या वाक्यावर लहान लेकराची सहल मोडते, ते घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा, निघाल्यावर रस्त्यात वाद घालायला जमत नाही.

तपासा: ठरवलेल्या दिवसाच्या आदल्या दोन दिवसांत ताप, जुलाब, उलटी, नवा खोकला यातलं काही आहे का. असेल तर दिवस पुढं ढकला. लस टोचून यायच्या दुसऱ्या दिवशीही जाऊ नका, ताप बरेचदा त्याच दिवशी येतो.

टप्पा २: महिना बघा

आपल्याकडं एप्रिल ते पाऊस पडेपर्यंत सहल हा शब्दच लहान लेकरासाठी काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथं पारा ४५ च्या वर जातो, आणि लेकराचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत घरी परत, नाहीतर संध्याकाळी साडेपाचनंतर, तेही गावाजवळ.

पावसाळ्यात नाल्याला पूर केव्हा येतो सांगता येत नाही, वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, मग समोरचा ट्रॅक्टर गेला असला तरी.

जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालू असते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते आपल्याला माहीत आहे, तीही धडधाकट माणसं होती. फवारलेल्या वावरात लेकरू नेऊ नका, शेजारच्या धुऱ्यावरही नको, आणि औषधाचे रिकामे डबे-बाटल्या जिथं पडलेल्या असतात तिथं तर अजिबात नाही. रंगीत झाकण दिसलं की लेकरू पहिले तोंडात घालतं.

उरला तो चांगला काळ: दिवाळी झाली की फेब्रुवारी संपेपर्यंत. सहलीचं जे काय असेल ते ह्या तीन-चार महिन्यांत बसवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंडी कडक असते म्हणून ऊन वर आल्यावर निघा, आठ-साडेआठ.

पावसाळ्यात एक गोष्ट मात्र सोडू नका, तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन लेकरं निघतात, दोन वर्षांच्या लेकराला दोरी धरून बैल ओढता येतो, घरापासून चौकापर्यंतच जायचं असतं आणि कंटाळलं की परत यायला पाच मिनिटं लागतात. एवढी सोयीची सहल दुसरी नाही. चाकं ढिली आहेत का, खिळा वर आलाय का तेवढं बघून घ्या.

टप्पा ३: आता जागा ठरवा

जागा निवडताना चारच गोष्टी विचारायच्या: जमीन सपाट आहे का, सावली आहे का, पाणी कुठं उघडं आहे, आणि मधातच निघायचं म्हटलं तर गाडी लगेच मिळते का. नजारा कसा आहे हे मोठ्यांसाठी असतं, दोन वर्षांच्या लेकराला मुंग्यांची रांग, बकरीचं पिल्लू, पाण्यात खडा टाकला की होणारा आवाज एवढं पुरतं.

पहिली सहल पाच-दहा किलोमीटरच्या आतच करा. संत्र्याचा बगीचा हा माझ्या मते सगळ्यात चांगला. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडं अंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास आणि त्यापुढं, मृगाची फेब्रुवारी-मार्चात, सावली गर्द, खाली जमीन मोकळी, फळ लेकराच्या हाताला लागेल इतक्या खाली लोंबतं. मालकाला आधी फोन करून फवारणी कधी झाली आणि ओलीत कुठं चालू आहे ते विचारा. काटे असतात, लेकराला फांदीत घुसू देऊ नका. दुसरं म्हणजे हुरड्याच्या दिवसांत स्वतःचं किंवा नात्यातलं वावर, पण हुरडा लेकराला खायला द्यायचा नाही, का ते टप्पा ६ मध्ये लिहिलं आहे. भंडारा-गोंदियाकडं तलाव नि बोड्या, म्हणजे लहान तळी, भरपूर, हिवाळ्यात सकाळी पक्षी बघायला बांधावर उभं राहिलं तरी लेकरू अर्धा तास रमतं, बांधावर त्याचा हात सोडायचा नाही एवढंच.

आठवडी बाजारही चालतो, पण उघडता उघडता जा, गर्दी व्हायच्या आत परत.

जरा लांबच्या ठिकाणांबद्दल, कारण विचारणारे याच ठिकाणांबद्दल विचारतात:

सेवाग्राम आश्रम लहान लेकरासाठी उत्तम आहे. सपाट, झाडं मोठी, मातीची घरं, चालायला शिकलेलं लेकरू मोकळं फिरू शकतं. प्रार्थनेच्या वेळी शांत राहावं लागतं, लेकरू आवाज करणारच, तेव्हा ती वेळ सोडून जा. पवनारही जवळ आहे पण तिथं धाम नदी आणि दगड आहेत, दोन्ही एकाच दिवशी करू नका.

रामटेकला गाडी बरीच वर जाते म्हणून सोयीचं वाटतं, तिथली वानरं मात्र हातातलं हिसकतात. लेकराच्या हातात केळं, बिस्कीट, प्रसाद काही ठेवायचं नाही. खाणं खाली उतरून गाडीत.

शेगावला सोमवार ते बुधवार सकाळी जा. गुरुवार, एकादशी, प्रकटदिन, रामनवमी ह्या दिवशी रांगेत लहान लेकरू घेऊन उभं राहणं त्याच्यावर अन्याय आहे.

लोणारला विवर काठावरून बघा आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर करा. खाली उतरायला लेकरू घेऊन जाऊ नका, उतरणं होतं पण चढताना बारा किलोचं लेकरू कडेवर आणि माथ्यावर ऊन, माणूस थकला की पाय घसरतो.

चिखलदऱ्याला परतवाड्याहून घाट लागतो, वळणांनी लेकरं ओकतात, आणि वर थंडी खालपेक्षा बरीच जास्त. दूरच्या गावातून एका दिवसात करायची ही जागा नाही, मुक्काम असेल तरच.

ताडोबाची सफारी तीन वर्षांखालच्या लेकरासाठी नको म्हणजे नको. तीन-चार तास उघड्या गाडीत, मधात मनासारखं उतरता येत नाही, शांत बसावं लागतं, आणि पहाटेची थंडी. मोठं होऊ द्या, वाघ कुठं जात नाहीत. नागपूरला कामानं जाणं झालंच तर महाराजबाग हे प्राणिसंग्रहालय सकाळी बरं, फिरणं आटोपशीर होतं.

तपासा: जिथं जायचं तिथून सगळ्यात जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र कुठं आहे, आणि त्या जागी मोबाईलला रेंज आहे का. मेळघाट, गडचिरोलीकडं हे आधीच विचारून ठेवावं लागतं.

टप्पा ४: गाडी

एसटी असेल तर हिशोब छान बसतो: पाच वर्षांखालचं लेकरू फुकट, बायांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट, ७५ च्या वरच्या आजी-आजोबांना काहीच नाही. फक्त परतीची गाडी किती वाजता आहे हे जायच्या आधी विचारा, आणि त्याच्यानंतरची कोणती तेही. मोठ्या स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, पाजायला किंवा कपडे बदलायला, कुलूप असेल तर कंट्रोलरला सांगून उघडून घ्या, संकोच करायचा नाही.

मोटारसायकलवर आपण चौघं जण सर्रास जातो. लेकरू पेट्रोलच्या टाकीवर बसवायचं नाही. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियमच आहे, चार वर्षांखालच्या लेकराला चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा पाहिजे, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत त्याच्या मापाचं हेल्मेट पाहिजे आणि वेग ४० च्या वर नको. पट्टा तालुक्याला मिळत नसेल तर मागवून घ्या. टाकीवरचं लेकरू झोपलं की त्याची मान ब्रेकसरशी हँडलवर आपटते.

कारमध्ये समोर मांडीवर लेकरू नको. मागं, आणि शक्य असेल तर लेकराच्या खुर्चीत पट्टा लावून. आणि झोपलंय म्हणून गाडीत एकटं सोडून पाच मिनिटांसाठीही कुणी उतरायचं नाही, काच थोडी उघडी ठेवली तरी नाही, हिवाळ्याच्या उन्हातही बंद गाडी तापते.

टप्पा ५: पिशवी आदल्या रात्री भरा

सकाळी भरलेल्या पिशवीत नेमकं लागणारं राहतं. रात्री लेकरू झोपल्यावर भरा आणि दाराजवळ ठेवा.

पाणी उकळून गार केलेलं, स्टीलच्या बाटलीत, लेकराचं वेगळं. कपड्यांचे दोन जोड, एक ओकारीसाठी आणि एक चिखलासाठी. जुनं लुगडं किंवा सतरंजी, अंथरायला. दुपटं एक जास्तीचं. साबणाचा तुकडा, कारण हात साबणानंच धुवायचे, नुसत्या ओल्या रुमालानं पुसून जंतू जात नाहीत. घाणीसाठी दोन-तीन पिशव्या, वापरलेलं डायपर घरी आणायचं, नाल्यात किंवा कुणाच्या वावरात टाकायचं नाही. टोपी. मागून पट्टा असलेले बूट किंवा सँडल, कारण गोखरू आणि बाभळीचा काटा चप्पलेतून आत जातो. बाह्या आणि पाय झाकणारे सुती कपडे.

ओआरएसची दोन पाकिटं, आशाताईकडं मिळतात. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, सगळंच्या सगळं, अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात असला अंदाज करायचा नाही. लहान पाकिटं २०० मिलीची असतात, पाकिटावर वाचा. तापाचं पॅरासिटामोल सिरप घेणार असाल तर डॉक्टरला विचारून लेकराच्या वजनाप्रमाणं किती मिली ते बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, कारण त्याच औषधाची १२५ आणि २५० अशी दुप्पट ताकदीची बाटलीही येते आणि घाईत फरक कळत नाही.

लेकराच्या शर्टाच्या आतून चिकटपट्टीवर दोन मोबाईल नंबर. सकाळी निघताना त्याच दिवसाच्या कपड्यातला एक फोटो, हरवलं तर "निळा शर्ट होता की हिरवा" यात वेळ जात नाही. माता-बाल कार्डाचाही फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

टप्पा ६: खाणं

मोठ्यांचा डबा आणि लेकराचं भातकं वेगळं करा. सहलीच्या दिवशी नवा पदार्थ द्यायचा नाही. तूप घातलेला मऊ भात, वरणात चुरलेली पोळी, उकडलेला आलू, केळं, सांजा, एवढ्यात भागतं. दुधाची बाटली भरून नेऊ नका, दोन तासांच्या वर साधारण गरमीतही दूध बिघडायला लागतं, अंगावर पीत असेल तर प्रश्नच नाही, नाहीतर तिथं ताजं उकळून वाटी-चमच्यानं.

आता घशात अडकण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच होतं. शेंगदाणे, फुटाणे, हुरड्याचे दाणे, मक्याचे दाणे, बोरं, सीताफळाच्या बिया, अख्खी द्राक्षं, उसाचं कांडं, चिवड्यातलं खोबऱ्याचं काप, हे सगळं आपल्या सहलीचं नेहमीचं खाणं आहे आणि तेच लेकराच्या श्वासनळीत बसतं. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खा कडक दाणा नाही. घरातली मोठी माणसं प्रेमानं एक फुटाणा तोंडात टाकतात, त्यांना आधीच समजावून सांगा, आणि पाहुण्यांनाही. द्राक्ष उभं चार तुकडे करून, संत्र्याची फोड सोलून बी काढून, बोर तर नकोच. धावताना, हसताना, गाडीत धक्के बसत असताना काहीच भरवायचं नाही, बसवून भरवायचं.

सावधान: अडकलं आणि लेकरू जोरात खोकतंय तर खोकू द्या, पाठीवर थापा मारू नका. आवाज निघत नाही, श्वास घेता येत नाही, ओठ निळे पडतायत, तर लगेच: एक वर्षाच्या वरचं असेल तर पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मधात तळहातानं पाच जोरकस थापा, नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर पाच झटके, परत थापा. एक वर्षाखालचं असेल तर हातावर पालथं, डोकं खाली, पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, पोट दाबायचं नाही. दिसत नसताना तोंडात बोट घालून शोधू नका, वस्तू आणखी आत जाते. तोवर दुसऱ्यानं १०८ लावायचा.

टप्पा ७: निघायची सकाळ

लेकराला लवकर उठवू नका, स्वतः उठू द्या. मोठ्यांनी आधी उठून आवरायचं, म्हणजे लेकरू उठलं की दूध-भातकं, शी, कपडे आणि गाडी. पुऱ्या-भाजीचा घाट सहलीच्या सकाळी घालू नका, भाकर नि चून आदल्या संध्याकाळी ठरवून ठेवा किंवा परतून येऊनच जेवा. निघायची वेळ अर्ध्या तासापेक्षा जास्त चुकली तर जागा बदला, जवळची घ्या. तीच लांबची जागा धरून ठेवायची आणि झोपेत जाऊन पोचायचं यात काही राम नाही.

टप्पा ८: जागेवर पोचल्यावर, पाणी सगळ्यात आधी

गाडीतून उतरल्यावर सतरंजी टाकायच्या आधी एका मोठ्या माणसानं एक चक्कर मारायची, लेकरू गाडीतच, दुसऱ्या मोठ्या माणसाजवळ. काय बघायचं: विहीर, तिला कठडा आहे की नाही. शेततळं. सिमेंटचं टाकं किंवा हौद. कॅनॉल. मुरूम काढलेला खड्डा ज्यात पावसाचं पाणी साचलंय. उघडा राहिलेला बोअर. वारूळ, दगडांचा ढीग, कडब्याची गंजी. झाडावर किंवा देवळाच्या कळसाखाली आग्या मोहोळ. मोहोळ दिसलं तर तिथं चूल पेटवायची नाही, धूर गेला की ते उठतं.

शेततळ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडं गेल्या काही वर्षांत शेततळी फार झाली आणि बऱ्याच ठिकाणी आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. ह्या कागदावर पाय ठरत नाही. त्यात पडलेला पोहता येणारा मोठा माणूससुद्धा बाहेर येऊ शकत नाही, कारण हाताला धरायला काही नसतं आणि उतार सगळीकडून सारखा. लेकराला वाचवायला आईनं उडी मारली की दोन जीव जातात. विहिरीपेक्षा हे जास्त फसवं आहे, वरून उथळ आणि स्वच्छ दिसतं. शेततळ्याला कुंपण नसेल, दार नसेल, तर त्या वावरात लहान लेकराची सहल करायची नाही, बस. मालकाला सांगून चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर खुंट्याला बांधून आत सोडायला लावा, तुमच्यासाठी नाही तर त्याच्या घरच्यांसाठी.

लहान लेकरू बुडतं तेव्हा ओरडत नाही. चित्रात दाखवतात तसे हात हलत नाहीत, आवाज येत नाही, बादलीभर पाण्यातही होतं. त्यामुळं "आवाज येतोय, इथंच आहे कुठंतरी" यावर राहू नका. दहा माणसं सहलीला असली की प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणीतरी बघतंय, आणि म्हणून दहा माणसांतच लेकरू जातं. यावर उपाय एकच आहे: नावानं पाळी लावायची. अर्धा तास मामा बघणार, मग अर्धा तास आत्या. ज्याची पाळी त्यानं मोबाईल खिशात ठेवायचा, गप्पांत बसायचं नाही, पाण्याजवळ असेल तर लेकरू हाताच्या अंतरावर. पाळी बदलताना तोंडानं म्हणायचं, "आता तुझ्याकडं आहे हं." दहा-बारा वर्षांच्या ताईला पाळी द्यायची नाही, ती स्वतः लहान आहे.

फोटोसाठी विहिरीच्या कठड्यावर, धरणाच्या भिंतीवर, बोटीच्या काठावर लेकरू बसवू नका. बोटिंगला लेकराच्या मापाचं जॅकेट नसेल तर बसू नका, मोठ्याचं जॅकेट लहान लेकराच्या अंगातून निसटतं.

सावधान: लेकरू पाण्यातून काढलं तर उलटं लटकवून किंवा डोक्यावर धरून गरगर फिरवून पाणी काढत बसायचं नाही, यात सगळा कामाचा वेळ जातो. श्वास नसेल तर उताणं ठेवून लगेच तोंडानं श्वास आणि छातीवर दाब सुरू करायचे, १०८ येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीवर आलं, बरं दिसतंय, तरी दवाखान्यात दाखवायचंच.

बाकी जागेवर काय करायचं तर फार काही नाही. माती, पानं, एक वाटी आणि एक डबा. खेळ ठरवून देऊ नका. दर तासाला दोन घोट पाणी, मागितलं नाही तरी. गवतावर थेट झोपवू नका, सतरंजी पाहिजे. कुत्र्याच्या पिल्लाला हात लावू देऊ नका. लेकरू डोळे चोळायला लागलं, कान ओढायला लागलं, विनाकारण पडायला लागलं की ती निघायची खूण, रडेपर्यंत वाट बघायची नाही.

टप्पा ९: काही बिघडलं तर

ऊन लागलं: अंग तापलेलं, ओठ कोरडे, सहा तासांत लघवी नाही, मलूल पडलंय. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसून वारा घाला, शुद्धीत असेल तर ओआरएस थोडं थोडं. डोळे उघडत नसेल, झटका आला, तर तोंडात काही घालू नका, १०८.

जुलाब: दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली ओआरएस, त्यावरच्याला १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्यानं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही.

साप किंवा विंचू: वाळे, कडदोरा, बांगडी काढा, तो हात-पाय हलू न देता उचलून थेट सरकारी दवाखान्यात. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडं थांबायचं नाही. सापाला शोधत, मारत बसू नका. विंचू लहान लेकराला मोठ्यांपेक्षा फार जड जातो, "उतरेल" म्हणून घरी ठेवू नका.

कुत्रा किंवा वानर चावलं, ओरखडलं: साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, मिरची-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी रेबीजची लस.

टप्पा १०: परत आल्यावर

गाडीतच झोपलं असेल तर उतरवताना उठवू नका, कपडे नंतर. उठल्यावर मात्र आंघोळ घालायची आणि सहलीचे सगळे कपडे, सतरंजी, दुपटं धुवायला टाकायचं. आंघोळीत कानामागं, मानेच्या घडीत, काखेत, जांघेत, कमरेच्या दोऱ्याखाली नीट बघा, गोचीड किंवा किडा चिकटलेला आहे का. त्या संध्याकाळी पाहुण्यांकडं जाणं नको, रोजच्यापेक्षा अर्धा तास लवकर झोपवा.

पुढचे तीन आठवडे तापावर लक्ष ठेवा, विशेषतः ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये गवतात खेळलं असेल तर. गवतातला बारीक किडा चावल्यानं स्क्रब टायफस नावाचा तापाचा आजार होतो, २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत तो बराच पसरला होता. चावलेलं कळतही नाही, आठ-पंधरा दिवसांनी ताप येतो, आणि कधी कधी अंगावर बिडीचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग दिसतो. वेळेवर कळलं तर औषधानं बरा होतो, म्हणून ताप आल्यावर डॉक्टरकडं गेलात की त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा, लेकरू अमुक तारखेला गवतात खेळलं होतं, आणि डाग असेल तर तो दाखवा.